हमबकरची जोडणी: हम कापायचा, तारेचा आवाज ठेवायचा

पिकअप म्हणजे तारांखालचा, त्यांची हालचाल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग. तो एकाच कॉइलचा (सिंगल कॉइल) असलेली गिटार ॲम्प्लिफायरला (ॲम्पला) जोडून आवाज वाढवला, की तारांना हात न लावताही स्पीकरमधून एकसुरी घूं घूं येत राहते. हा हम. भिंतीतल्या वायरी, ट्रान्सफॉर्मर, मोटर, ट्यूबलाइटचा चोक, अशा ज्या ज्या वस्तूतून एसी करंट वाहतो, तिच्याभोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र असतं. पिकअपच्या कॉइलमध्ये बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे असतात, त्यामुळे अशा क्षेत्रात ठेवली की तिच्यात व्होल्टेज तयार होणारच. वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असेल तर हम ५०, १००, १५० हर्ट्‌झचा येतो. ६० चा असेल तर ६०, १२०, १८०.

हमबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप. तो हम बाहेर थोपवत नाही. त्याच्या दोन्ही कॉइल हम पुरेपूर उचलतात. फक्त त्या अशा जोडलेल्या असतात की एकीतला हम दुसरीतल्या हमला खोडतो. म्हणूनच एक जरी वायर चुकली, तरी महागातला हमबकर साध्या सिंगल कॉइलपेक्षा जास्त घूं घूं करू शकतो.

दोन कॉइलनी हम मारण्याची युक्ती गिटारच्याही आधीची आहे. १९३० च्या दशकातल्या स्पीकरमध्ये ती वापरली जात होती. गिटारसाठी तिला आजचं रूप गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दिलं. त्यांचा पेटंटचा अर्ज १९५५ चा, पेटंट मिळालं १९५९ मध्ये. मधल्या काळातल्या पिकअपच्या तळाला ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असा स्टिकर असायचा, म्हणून त्यांना आजही पीएएफ म्हणतात. आतली रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

## दोन वेळा उलट

या लेखात ‘तार’ म्हणजे गिटारची तार आणि ‘वायर’ म्हणजे जोडणीची वायर.

गिटारची तार स्टीलची असते. पिकअपच्या चुंबकामुळे पिकअपच्या वरचा तिचा भागही थोडा चुंबकीय होतो आणि तो हलला की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं. त्यातून मिळणाऱ्या व्होल्टेजची दिशा दोन गोष्टी ठरवतात: कॉइल कोणत्या दिशेने जोडली आहे, आणि तिच्या माथ्यावर चुंबकाचा उत्तर ध्रुव आहे की दक्षिण. हम बाहेरून येतो. पिकअपच्या आतला चुंबक सरळ आहे की उलटा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याची दिशा फक्त कॉइलच्या जोडणीवर ठरते.

आता दोन सारख्या कॉइल शेजारी शेजारी ठेवा. एकीच्या माथ्यावर उत्तर, दुसरीच्या माथ्यावर दक्षिण. शिवाय दुसरी कॉइल उलट दिशेने जोडा. हमच्या दृष्टीने एकच गोष्ट उलटली, म्हणून एका कॉइलमध्ये तो धन असताना दुसरीत ऋण असतो आणि बेरीज शून्याजवळ जाते. तारेच्या सिग्नलच्या दृष्टीने दोन गोष्टी उलटल्या, चुंबक आणि जोडणी. दोनदा उलटलेलं पुन्हा सरळ होतं, म्हणून दोन्ही कॉइलचा सिग्नल एकमेकांत मिळतो.

घाई नसेल तर वरचा परिच्छेद पुन्हा वाचा. पुढचं सगळं, अगदी बिघाड शोधण्यापर्यंत, त्यातूनच निघतं. आकृती हाताशी नसली तरी एवढं डोक्यात असेल तर कुठलाही हमबकर जोडता येतो.

प्रत्यक्षात हे घडवायला दोन चुंबक लागत नाहीत. दोन कॉइलच्या मध्ये, खालच्या बाजूला, एकच पट्टी-चुंबक आडवा असतो. त्याची उत्तरेची कड एका कॉइलच्या लोखंडी खुंट्यांना टेकते आणि दक्षिणेची कड दुसऱ्या कॉइलच्या स्क्रूंना. खुंट्यांच्या कॉइलला स्लग कॉइल आणि स्क्रूंच्या कॉइलला स्क्रू कॉइल म्हणतात. जुन्या धाटणीच्या हमबकरमध्ये प्रत्येक कॉइलवर ४२ गेजच्या, म्हणजे जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीच्या वायरचे साधारण ५,००० वेढे असतात. अशा एका कॉइलचा रोध ४ किलोओहमच्या आसपास भरतो, दोन्ही एकापुढे एक जोडल्या की ८ च्या आसपास.

खोडणी शंभर टक्के होत नाही. दोन्ही कॉइलचे वेढे तंतोतंत सारखे नसतात, स्क्रू आणि खुंट्या यांचं लोखंड कमीजास्त असतं, आणि ट्रान्सफॉर्मर अगदी जवळ असेल तर दोन कॉइलपर्यंत पोचणारं क्षेत्रही सारखं नसतं. काही उत्पादक तर उघडा, खणखणीत आवाज मिळावा म्हणून एका कॉइलवर मुद्दाम थोडे जास्त वेढे देतात. त्यामुळे कान लावल्यावर ऐकू येणारा बारीकसा हम म्हणजे बिघाड नव्हे.

## पिकअपमधून किती वायरी निघतात

आजच्या बहुतेक हमबकरमधून एक जाड केबल निघते. तिच्यात चार रंगीत वायरी आणि एक उघडी वायर असते. चार रंग म्हणजे दोन कॉइलची चार टोकं. उघडी वायर पिकअपच्या धातूच्या तळपट्टीला आणि केबलच्या आवरणाला जोडलेली असते. ती कायम ग्राउंडलाच, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या, शून्य व्होल्टच्या बाजूला जाते, मग बाकीच्या चारांचं तुम्ही काहीही करा.

दुसरा प्रकार जुना: बाहेरून धातूची जाळी आणि आत एकच वायर. इथे दोन कॉइल आतल्या आत जोडलेल्या असतात. आतली वायर हॉट (सिग्नल नेणारी), जाळी ग्राउंड. जोडायला हा प्रकार सगळ्यात सोपा. पण कॉइल वेगळ्या करायच्या असतील तर पिकअप उघडावा लागतो, आणि केसाहून बारीक वायरींशी खेळ असल्याने नवख्याने त्यात पडू नये.

रंगांचा घोळ इथेच सुरू होतो, कारण सगळ्या कंपन्यांचा मिळून एक नियम नाही. सेमूर डंकनच्या पिकअपमध्ये काळी हॉट, पांढरी आणि लाल एकत्र जोडायच्या, हिरवी ग्राउंड. डिमार्झियोमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी ग्राउंड. म्हणजे एकीकडे सिग्नल नेणारी काळी वायर दुसरीकडे मधल्या जोडात असते. बिननावाच्या पिकअपमध्ये तर रंगांवर भरवसा ठेवूच नये. मीटरने पाच मिनिटांत खरं काय ते कळतं.

## लागणारं सामान

- ४० वॅटचा सोल्डरिंग आयर्न. तापमान ठरवता येणारा असेल तर ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास
- रोझिन फ्लक्स आत असलेली सोल्डर वायर, ०.८ ते १ मिलिमीटर. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स अजिबात नको, तो जोड हळूहळू खातो
- मल्टिमीटर, २० किलोओहमची रेंज हाताने निवडता येणारा
- वायर सोलायचं आणि कापायचं हत्यार, बारीक पॉलिश पेपर
- २ ते २.५ मिलिमीटरची हीट-श्रिंक (तापवली की आकसणारी) नळी
- लहान स्टीलचा स्क्रू-ड्रायव्हर
- ५०० किलोओहमचे दोन ऑडिओ टेपर पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे, फिरवून रोध बदलणारे)
- ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्यावर बहुधा २२३ छापलेलं असतं
- मोनो जॅक आणि थोडी जोडणीची वायर

पॉट ५०० चाच का? पॉटचा रोध पिकअपवर भार टाकतो आणि वरच्या पट्टीतली चमक खातो. सिंगल कॉइल मुळात चमकदार, तिला २५० किलोओहम चालतो. हमबकर त्यावर दबका वाटतो.

## मीटरने टोकं ओळखणं

चारही रंगीत वायरींची टोकं ५ मिलिमीटर सोला आणि एकमेकांना लागणार नाहीत अशी पसरवा. मीटर २० किलोओहमवर ठेवा. आपोआप रेंज बदलणारा मीटर इथे गोंधळ घालतो, त्याची रेंज आधी पक्की करा.

१. कोणत्याही दोन वायरींवर प्रोब लावा. ३ ते ५ किलोओहमसारखा आकडा आला तर त्या एकाच कॉइलच्या. आकडा आलाच नाही तर वेगवेगळ्या कॉइलच्या. अशा दोन जोड्या मिळतील. जास्त वेढ्यांच्या, जोरकस पिकअपमध्ये आकडे मोठे येतील, हरकत नाही.

२. उघडी वायर आणि प्रत्येक रंगीत वायर यांच्यात मोजा. आकडा यायलाच नको. आला, तर ती कॉइल तळपट्टीला कुठेतरी चिकटलेली आहे आणि पिकअप दुरुस्तीचा आहे.

३. एका जोडीला प्रोब लावून ठेवा. स्क्रू-ड्रायव्हरचं पातं स्क्रूंच्या रांगेवर हलकेच आडवं टेकवा आणि काढा, मग खुंट्यांच्या रांगेवर. जिथे मीटरचा आकडा जास्त उडी मारतो, ती या जोडीची कॉइल. लिहून ठेवा.

४. आता दिशा. प्रोब त्याच जोडीवर, पातं त्याच कॉइलवर टेकवलेलं. आकडा स्थिर होऊ द्या आणि पातं झटकन वर उचला. आकडा क्षणभर वाढला, तर लाल प्रोब ज्या वायरवर आहे ती त्या कॉइलचं ‘धन’ टोक. कमी झाला तर प्रोबची अदलाबदल करून पुन्हा पाहा. दुसऱ्या कॉइलसाठी हेच करा.

चौथ्या पायरीत माणसं एकाच ठिकाणी फसतात: एका कॉइलला पातं टेकवताना आकडा बघतात, दुसरीला उचलताना. टेकवताना उडी एका दिशेला असते, उचलताना बरोबर उलट. दोन्हीकडे उचलतानाचीच बघायची. काटेवाला मीटर असेल तर तो सगळ्यात कमी डीसी व्होल्टच्या रेंजवर ठेवा. काटा कुठल्या बाजूला झटका देतो हे आकड्यापेक्षा स्पष्ट दिसतं.

ही चाचणी इतकी उपयोगी का, तर पातं उचलणं म्हणजे तारेच्या हालचालीची नक्कलच आहे. चुंबकाची दिशा आणि कॉइलची दिशा या दोन्हींचा हिशेब तिच्यात आपोआप होतो. धन टोक म्हणजे तारेच्या सिग्नलसाठी धन, वेढे कुठून कसे घेतलेत ते जाणून घ्यायची गरजच उरत नाही. कॉइलचे माथे खरोखर विरुद्ध ध्रुवांचे आहेत याची खात्री हवी असेल, तर एक साधं होकायंत्र आळीपाळीने दोन्ही रांगांवर धरा. सुईचं वेगवेगळं टोक ओढलं गेलं पाहिजे. जोरकस चुंबक मात्र पिकअपजवळ आणू नका, आतला अल्निको (मिश्रधातूचा) चुंबक त्याने दुबळा होऊ शकतो.

## मुख्य जोडणी

नियम एवढाच: पहिल्या कॉइलचं धन टोक हॉट. पहिलीचं ऋण आणि दुसरीचं धन एकमेकांना. दुसरीचं ऋण ग्राउंड, त्याच्याबरोबर उघडी वायर. सिग्नल एका कॉइलमधून निघून दुसरीत जातो, म्हणून ही सीरीज जोडणी.

मधला जोड आधी करून टाका. दोन्ही वायरी ८ ते १० मिलिमीटर पिळा, सोल्डर लावा, थंड झाल्यावर नळी चढवून तापवा. नळी जोडाच्या पुढेपर्यंत गेली पाहिजे, सोल्डरचं टोक बाहेर राहता कामा नये. हा जोड कुठेही लागत नाही म्हणून लोक त्याला टेपचा तुकडा गुंडाळून सोडून देतात. वर्षभरात टेपचा चिकटपणा जातो, जोड पॉटच्या पाठीला टेकतो आणि एक कॉइल गप्प होते.

आता व्हॉल्यूम पॉट. तो पाठीकडून पाहा, तिन्ही पाय तुमच्याकडे. डावा पाय आत येणाऱ्या सिग्नलचा, मधला बाहेर जाणाऱ्या सिग्नलचा, उजवा ग्राउंडचा. उजवा पाय वाकवून पॉटच्या पाठीला टेकवा आणि तिथेच सोल्डर करा. पाठ आधी पॉलिश पेपरने घासा, नाहीतर सोल्डर थेंबासारखं वर बसतं आणि धरत नाही. पिकअपची हॉट वायर डाव्या पायाला. ऋण टोक आणि उघडी वायर एकत्र पिळून पॉटच्या पाठीवर.

टोन पॉटही तसाच धरा. उजवा पाय पाठीला. कपॅसिटरचं एक टोक व्हॉल्यूमच्या डाव्या पायाला, दुसरं टोनच्या मधल्या पायाला. डावा पाय मोकळा. दोन्ही पॉटच्या पाठी एका वायरने जोडा.

जॅकमध्ये लांब लवचीक पट्टी प्लगच्या टोकाला लागते, ती हॉट: तिला व्हॉल्यूमचा मधला पाय. जॅकच्या अंगाशी जोडलेला दुसरा टर्मिनल ग्राउंड: त्याला पॉटची पाठ. राहिली ब्रिजकडून (तारा ज्या धातूच्या भागावर टेकतात तिथून) येणारी वायर, तीही पॉटच्या पाठीवर. ती विसरू नका. तारा तिच्यामुळेच ग्राउंडला जोडल्या जातात.

सोल्डर करताना वायरच्या टोकाला आधी कल्हई करा, पायालाही करा, मग दोन्ही एकत्र धरून दोन-तीन सेकंद उष्णता द्या. पॉटच्या पाठीला पाच-सहा सेकंद लागतात. त्याहून जास्त वेळ आयर्न दाबून धरावा लागत असेल तर आयर्न कमी पडतोय. तसंच रेटत राहिलं तर पॉटच्या आतली पट्टी भाजते. गार होताना वायर हलली की जोड दाणेदार, राखाडी दिसतो. तो कच्चा जोड, पुन्हा वितळवा.

## झाकण लावण्यापूर्वी तपासणी

गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगवर मोजा. ८ किलोओहमच्या पिकअपला ७.९ च्या जवळपास आकडा येईल, कारण ५०० किलोओहमचा पॉट समांतर बसलेला असतो. व्हॉल्यूम बंद केला की जवळजवळ शून्य.

याच आकड्यातून बरंच कळतं. साधारण ८ म्हणजे दोन्ही कॉइल सीरीजमध्ये. ४ म्हणजे एकच कॉइल चालू, बहुधा मधला जोड ग्राउंडला किंवा हॉटला टेकलाय. २ म्हणजे कॉइल समांतर जोडल्या गेल्या. ५०० च्या आसपास म्हणजे मीटरला पिकअप दिसतच नाही, फक्त पॉट दिसतोय: मधला जोड सुटलेला किंवा वायर तुटलेली. व्हॉल्यूम उघडा असूनही शून्य म्हणजे हॉट कुठेतरी ग्राउंडला भिडली.

पण हा आकडा दिशा सांगत नाही. एका कॉइलच्या वायरी उलट्या लागल्या तरी रोध तोच ८ येतो. तेवढ्यासाठी कान हवेत. ॲम्प स्वच्छ आवाजावर, व्हॉल्यूम कमी ठेवून स्क्रू-ड्रायव्हरने दोन्ही रांगांवर हलकेच टिचक्या द्या. दोन्हीकडे सारखाच ठोका ऐकू यायला हवा. मग तारा वाजवा. आवाज भरदार, जाड तारेला वजन, हम नगण्य: जोडणी बरोबर. आवाज बारीक, नाकातला, दुबळा आणि हम मात्र भरपूर: एक कॉइल उलटी. तारेचा सिग्नल खोडला जातोय आणि हमची बेरीज होतेय, म्हणजे हव्या त्याच्या बरोबर उलट. कोणत्याही एकाच कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करा. दोन्हींची केली तर परत तिथेच याल.

हम खरंच कापला जातोय का हे पाहायला गिटार ॲम्पसमोर धरून हळूहळू वळवा. सिंगल कॉइलचा हम गिटारच्या दिशेप्रमाणे ठळक कमीजास्त होतो. नीट जोडलेल्या हमबकरमध्ये फरक जेमतेम जाणवतो.

## समांतर की स्प्लिट

चार वायरी हातात असल्या की बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं कॉइल स्प्लिट, म्हणजे एक कॉइल बंद करून सिंगल कॉइलसारखा आवाज काढणं. करायला ते सोपं आहे: मधला जोड स्विचने ग्राउंडला न्यायचा. ग्राउंडकडची कॉइल शॉर्ट होते, हॉटकडची एकटी वाजते. पण एकटी कॉइल म्हणजे हम परत आला, आवाज पडला, आणि खऱ्या सिंगल कॉइलचा चटका काही येत नाही. स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या धाटणीच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये वेढे साधारण ७,५०० ते ८,००० असतात आणि खुंट्या स्वतःच चुंबक असतात. इथे ५,००० वेढे, खुंट्या साध्या लोखंडाच्या, चुंबक खाली. उपाय म्हणून मधला जोड थेट ग्राउंडला न देता २ किलोओहमच्या आसपासच्या रेझिस्टरमधून द्यावा. बंद कॉइलचा थोडा भाग जिवंत राहतो, आवाज इतका पडत नाही.

समांतर जोडणीची आठवण कमी लोकांना होते, आणि खरं तर नवख्याने आधी तीच करून पाहावी. दोन्ही धन टोकं हॉटला, दोन्ही ऋण ग्राउंडला. रोध २ किलोओहमवर येतो, आवाज हलका, काचेसारखा चमकदार होतो, आणि हम कापणं तसंच चालू राहतं, कारण दोन कॉइल अजूनही एकमेकींच्या उलट आहेत.

दोन्ही हवं असेल तर सहा पायांचा ऑन-ऑन स्विच, किंवा तसाच स्विच असलेला, ओढून-दाबून चालणारा पुश-पुल पॉट घ्या. पहिलीचं धन कायम हॉटला, दुसरीचं ऋण कायम ग्राउंडला. पहिलीचं ऋण एका ओळीच्या मधल्या पायावर, दुसरीचं धन दुसऱ्या ओळीच्या मधल्या पायावर. एका टोकाचे दोन पाय एकमेकांना वायरने जोडा: ही सीरीज. दुसऱ्या टोकाला, पहिल्या ओळीचा पाय ग्राउंडला आणि दुसऱ्या ओळीचा हॉटला: हे समांतर. वर ओढल्यावर मधला पाय नेमका कोणत्या पायाला लागतो, ते मीटरच्या बीपने आधी पाहून घ्या. स्विचच्या बनावटीप्रमाणे ते बदलतं.

गिटारवर दोन हमबकर असतील आणि दोन्ही स्प्लिट करायचे असतील, तर एक खुबी उपयोगी पडते. एकाचा मधला जोड ग्राउंडला न्या, दुसऱ्याचा हॉटला. मग एकाची स्लग कॉइल आणि दुसऱ्याची स्क्रू कॉइल चालू राहते. त्या दोघी परस्परविरुद्ध असल्याने पिकअप निवडायचा स्विच मधे (दोन्ही चालू) ठेवला की स्प्लिटमध्येही हम कापला जातो.

## दोन पिकअप एकत्र पातळ वाजले तर

प्रत्येक पिकअप एकटा छान, दोन्ही मिळून आवाज पोकळ: दोन पिकअप एकमेकांच्या उलट लागले. हम मात्र वाढलेला नसतो, कारण प्रत्येकाच्या आतली खोडणी शाबूत आहे. चार वायरींचा पिकअप असेल तर त्याची हॉट आणि ग्राउंडची रंगीत वायर अदलाबदल करा. उघडी वायर जिथे आहे तिथेच राहू द्या.

जाळीच्या वायरीच्या पिकअपला हे चालत नाही. जाळी तळपट्टीला आणि धातूच्या झाकणाला जोडलेली असते. ती हॉटला नेली की अख्खं झाकण अँटेना बनतं आणि हात लागला की आवाज करतं. तिथे तळाचे स्क्रू सैल करून पट्टी-चुंबक बाहेर सरकवतात आणि उत्तर-दक्षिण कडांची अदलाबदल होईल असा उलटून परत बसवतात. दोन्ही कॉइलचे ध्रुव एकदम बदलतात, म्हणून आतली खोडणी तशीच राहते.

## हमबकरच्या आवाक्याबाहेरचं

कॉइल फक्त चुंबकीय क्षेत्रातून आलेला हम खोडतात. खरखरीत, माशीसारखी भणभण बहुतेकदा विद्युत क्षेत्रातून येते आणि तिला रोखतात ग्राउंड आणि शील्डिंग (ग्राउंडला जोडलेलं धातूचं आवरण). तारांना हात लावल्यावर भणभण कमी होत असेल तर ब्रिजची वायर ठीक आहे; अंगातून येणारा आवाज ग्राउंडला जातोय. आणखी शांतता हवी असेल तर पॉट बसतात त्या कप्प्याच्या आतून तांब्याची चिकटपट्टी लावा, पट्ट्यांचे सांधे सोल्डरने जोडा आणि एका वायरने ग्राउंडला न्या. हात लावल्यावर भणभण वाढत असेल तर जॅकवर हॉट-ग्राउंड उलटे लागलेत, आधी ते पाहा.

गेन वाढवल्यावरची सुसकारी ॲम्पची आणि पेडलची. झाकणाच्या पिकअपची शिट्टी म्हणजे सैल कॉइल किंवा सैल झाकण, त्यावर मेणात बुडवणं हा इलाज.

ॲम्प आणि पेडलचा पुरवठा वेगवेगळ्या सॉकेटवर असल्यावर जो हम येतो, तो ग्राउंड लूपचा. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तो जात नाही, यावरून ओळखता येतो. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहा, पेडलना एकमेकांपासून विलग केलेले पुरवठे द्या. ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन काढून हम घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मात्र ऐकू नका. तारा ग्राउंडला जोडलेल्या आहेत, आणि ॲम्पमध्ये बिघाड झाला तर ती पिनच करंट तुमच्या हाताकडे येऊ देत नाही.